तांब्यातला पोचा

दारू गाळायचा नवा हंडा समुद्राने सुखासुखी हाती पडू दिला नाही. त्या सकाळी पोर्ट-ना-रोनच्या खडकांवर पाणी फुटत नव्हते, आपटत होते. कँपबेलटाउनहून आलेले गलबत धक्क्याला लागेना, तेव्हा दोन होड्या एकमेकींना जखडून, वर फळ्या टाकून ते तांब्याचे अवजड पोट किनाऱ्याकडे ओढायचे ठरले. गावातले सगळे धडधाकट पुरुष कमरेइतक्या पाण्यात उतरले आणि त्यांनी दोर खांद्यावर घेतला. मध्येच लाट उसळली. एक दोर तुटून चाबकासारखा हवेत फिरला, हंडा कुशीवर वळला, आणि वळता वळता त्याने हॅमिश बुईचा पाय खडकाशी चिरडला. हाड मोडल्याचा आवाज लाटांच्या गदारोळातही प्रत्येकाला ऐकू आला.

हॅमिश किंचाळला तसे दोघातिघांनी दोर सोडायला घेतला.

"आधी हंडा!" कोल डॅरॉक ओरडला. "त्याचा पाय कुठं पळून नाही जात."

कुणी हसले नाही. पण दोरही कुणी सोडला नाही. गाळणीघराचा मुख्य कारागीर कोल होता, आणि दारूच्या बाबतीत त्याचा शब्द पाद्र्याच्या शब्दाहून जड होता. हंडा वाळूवर चढला, तेव्हा हॅमिशच्या रक्ताने फेस गुलाबी झाला होता. त्याला फळीवर निजवले, शिंगाच्या पेल्यातून पहिल्या धारेची दारू त्याच्या दातांमध्ये ओतली, आणि नेले.

तांबट गिलँडर्स मात्र हंड्याकडेही पाहत नव्हता, जखमीकडेही नाही. तो पाण्याकडे पाहत होता.

"माझी पेटी गेली," तो म्हणाला. "तळाला गेली. साचा तिच्यात होता."

टॉर्किल मॅकइंडियर त्याच्या शेजारीच उभा होता. दोराने सोललेला खांदा तो खाऱ्या पाण्याने धुत होता, आणि साचा म्हणजे कशाचा, हे त्याला विचारावे लागले नाही.

त्या किनाऱ्यावर नवा हंडा नवा म्हणून येत नाही. जुन्या हंड्याचे तांबे आगीने झिजून कागदासारखे होते, तेव्हा तो कुऱ्हाडींनी फोडतात आणि मोडीत काढतात. पण त्याआधी तांबट येऊन त्याचा घेर, त्याची मान, त्याच्या खांद्याचा उतार, सगळे उतरवून घेतो. जुन्याच्या अंगावर जिथे पोचा असेल तिथे नव्याच्या अंगावरही पोचा ठोकायचा. निरोगी, गुळगुळीत तांबे बिघडवायचे, म्हणजे आतली वाफ जुन्याच वाटेने वर चढेल आणि दारूचा स्वभाव पालटणार नाही. पोर्ट-ना-रोनच्या हंड्याच्या उजव्या खांद्यावर तसा एक पोचा होता, तळहाताएवढा. गिलँडर्सने त्याचा लाकडी साचा कोरून घेतला होता. जुना हंडा, चुलाण रिकामे करायचे म्हणून, मागच्याच गलबताने मोडीत गेला होता. आता पोचा उरला होता तो फक्त लोकांच्या डोळ्यांत.

तो कसा पडला तेही सगळ्यांना ठाऊक होते. टॉर्किलचा थोरला भाऊ रूअरी धुरीघर सांभाळायचा. मोड आलेले जव जाळीवर पसरून, खाली पीट पेटवून, त्या दलदलीच्या काळ्या इंधनाचा धूर दाण्यात मुरवणारा माणूस. एका हिवाळ्यात तो दारू चोरायला गाळणीघरात शिरला, झिंगलेला होता, वरच्या फळीवरून तोल गेला आणि डोके हंड्याच्या खांद्यावर आपटून मेला. असे सांगितले गेले. त्याच्या विजारीच्या पायात दारूने भरलेली तांब्याची नळी सापडली. कपड्यांना भपकारा होता. चोराला गिरजाघराच्या अंगणात उत्तरेच्या भिंतीलगत, कुत्री फिरकतात तिथे, पुरले.

आणि त्याच हिवाळ्याची दारू अशी उतरली, की ग्लासगोचे व्यापारी नाव घेऊन मागू लागले. लोकांनी दोन्ही गोष्टी एकत्र बांधल्या. पोच्यामुळेच दारू बदलली, वाफ तिथे अडखळते आणि गोड होते, असे कोल म्हणाला, आणि त्याचे म्हणणे हळूहळू श्रद्धा झाले. कामावर येणारा माणूस पोच्याला बोटे लावून आत जाऊ लागला. कोल रोज बाहीने तो पुसायचा. टॉर्किलने त्याला कधी हात लावला नाही.

त्याच्या मनात एकच कुसळ रुतून राहिले होते. धुरीघरात पीट पेटलेले असेपर्यंत रूअरी दारूचा थेंब घेत नसे. प्यालेल्या नाकाला धूर कळत नाही, असे तो म्हणायचा. आपल्या वाट्याचा शिंगाचा पेला तो दुसऱ्याला द्यायचा. मग त्या दिवशीच कसा प्यायला? टॉर्किलने हे एकदा बोलून पाहिले होते. "लपून पीत असेल," लोक म्हणाले. "चोर काय दाखवून पितो?" त्यानंतर तो बोलला नाही. भावाची धुरीघरातली आग त्यालाच मिळाली होती. ती राखायची तर गप्प राहणे भाग होते.

दुपारपर्यंत हंडा चुलाणावर बसला. गाळणीघर गर्दीने भरले. व्यवस्थापक मॅकविकर अबकारी अंमलदाराला घेऊन आला होता. पोचा पडला की चोरून दारू काढता येऊ नये म्हणून अंमलदार हंड्याला कुलपे लावणार होता आणि संध्याकाळी आग पेटणार होती. नव्या तांब्याचा प्रकाश माणसांच्या चेहऱ्यांवर पडला होता, आणि त्या तांबूस उजेडात प्रत्येकजण नुकताच सोललेला वाटत होता.

गिलँडर्सच्या खिशात गाठी मारलेली दोरी तेवढी वाचली होती. त्याने मानेपासून मोजून खडूने वर्तुळ काढले.

"जागा हीच," तो म्हणाला. "खोली आणि कल मात्र तुम्हीच सांगायचा. मी तांबट आहे, देवदूत नाही."

"आमच्या गावात देवदूत आला तर त्यालाही आधी अबकारीवाल्याला भेटावं लागेल," म्हातारा डुगल्ड तोंडातली चिलीम न काढता म्हणाला. अंमलदारसुद्धा हसला.

गिलँडर्सने उसनी मोगरी उचलली. "पडणारा माणूस वरून येतो. म्हणजे कल वरून खाली." त्याने नेम धरला आणि एक हलका तडाखा दिला. हंडा घुमला. तांब्यात एक उथळ खळगा उमटला.

"नाही," कोल म्हणाला.

"आत्ता तर सुरुवात आहे, बाबा."

"सुरुवातच चुकली. वरची कड बोथट हवी, खालची धारदार. तू उलटं करतोयस."

गिलँडर्सने मोगरी तिरपी केली, पुन्हा हाणले. कोलचा चेहरा आवळला. कुणी आपल्या लेकराला चुकीच्या नावाने हाक मारावी तसा.

"अरे, नाही! वरून नाही आला घाव. बाजूनं, खालून जरा वर. मोगरी खाली धर."

"वरच्या फळीवरून पडलेल्याचं डोकं खालून वर कसं येईल?" तांबट वैतागला. "आमच्या गावात तरी माणसं खालीच पडतात."

"मला अक्कल शिकवू नको. मी रोज पुसलाय तो. बाजूला हो." कोलने त्याला खांद्याने ढकलले आणि तो हंड्यासमोर उभा राहिला. त्याचे डोळे खडूच्या वर्तुळावर असे खिळले, की भोवतीची माणसे त्याच्यासाठी राहिलीच नाहीत. "हे बघ. मान इथं. कान तांब्याकडं. तो उभा होता, गुडघे जरा वाकलेले, त्यामुळं घाव असा..."

आणि त्याच्या हातांनी ते करून दाखवले. डाव्या मुठीने हवेतल्या कुणाचे तरी केस धरले. उजव्या तळव्याने हवेतला जबडा पेलला. मग दोन्ही हात एकदम, सगळ्या अंगाचे वजन मागे लावून, तांब्याकडे गेले आणि वर्तुळापासून बोटभर अंतरावर थांबले.

"असा," तो समाधानाने म्हणाला. "एवढ्या जोरानं."

गाळणीघरात वाफ थंड करायच्या हौदात पाणी पडत होते, तेवढेच चालू राहिले.

"कोण उभा होता, कोल?" टॉर्किलने विचारले.

कोलने मान वळवली. मग त्याने आपले हात पाहिले. ते अजून तसेच होते, एक मूठ, एक तळवा. त्याने ते घाईने खाली सोडले.

"पडला तेव्हा म्हणतोय मी. पडताना..."

"पडणारा उभा नसतो," डुगल्ड म्हणाला. आता त्याने चिलीम तोंडातून काढली होती.

टॉर्किलला आपण उडी घेतल्याचे कळले ते कोल खाली गेल्यावरच. दोघे चुलाणाच्या विटांवर आदळले. कोल वयाने मोठा होता, पण आयुष्यभर आगीपाशी लोखंड उचललेला; त्याच्या हाताला निखारे ओढायचा गज लागला आणि तो टॉर्किलच्या बरगडीवर बसला. आत काहीतरी ओल्या फांदीसारखे मोडले. टॉर्किलचा श्वास गेला, पण पकड गेली नाही. त्याने कोलचे मनगट दातांत धरले आणि रक्ताची चव येईपर्यंत सोडले नाही. गज खणखणत पडला, पण कोलच्या मोकळ्या मुठीने टॉर्किलचा ओठ फाडला. मग त्याने मारले, मुठीने, कोपराने, गुडघ्याने, कुठे लागते हे न पाहता. वर्षानुवर्षे न उच्चारलेला प्रत्येक शब्द हाडांवर फुटत होता. कोलचे नाक फुटले. एक दात विटांवर घरंगळला. मॅकविकर काहीतरी ओरडत होता आणि कुणीही पुढे होत नव्हते.

"बोल," टॉर्किल म्हणाला.

"धूर, धूर, धूर," कोल रक्तातून बोलला. "जगात दुसरं काही नव्हतंच त्याला. मला म्हणाला, दारू माझ्या धुरीत होते, कोल, तू नुसती ती सांडू देत नाहीस. माझ्याच हंड्यासमोर उभा राहून म्हणाला. हसून."

"आणि?"

"एकदाच. देवाशपथ, एकदाच ढकललं."

"नळी?"

टॉर्किलने त्याचे चावलेले मनगट पिरगळले.

"माझी होती. नळी माझी होती. वरून दारू ओतली अंगावर. दुसरं काय करणार होतो मी? आग चालू होती. हंडा टाकून जाऊ कुठं?"

मग टॉर्किलने त्याला उचलले. डाव्या मुठीत त्याचे केस धरले, उजवा तळवा जबड्याखाली घातला, नुकतेच शिकवले गेले होते अगदी तसे, आणि त्याचे डोके खडूच्या वर्तुळासमोर आणले. तांब्यात कोलचा चेहरा रुंद होऊन दिसत होता. त्यामागे टॉर्किलचा, आणि दोन्हींच्या मध्ये रेषा राहिलेली नव्हती. लोक पाहत होते. त्यांना काय हवे होते ते त्यांच्या श्वासांवरून कळत होते.

कोलने डोळे मिटले. त्याचे ओठ हलले. प्रार्थना असेल असे टॉर्किलला वाटले.

"जरा खाली," कोल पुटपुटला. "दोन बोटं खाली घे."

त्या शब्दांत भीक नव्हती, टोमणाही नव्हता. चुकणाऱ्या हाताला कारागीर जसे सांगतो तसे त्याने सांगितले होते. हा घाव बसला तर तो अचूक बसेल. संध्याकाळी आग पेटेल, आणि उद्यापासून माणसे त्या पोच्याला बोटे लावून कामाला जातील. त्याच्या मुठी उघडल्या. दया त्याला आली नव्हती. किळस आली होती, आणि ती बरगडीतल्या कळेहून खोल होती. कोल ओल्या पोत्यासारखा खाली बसला.

"झालं ते झालं," मॅकविकर घाईघाईने पुढे आला. "टॉर्किल, हे बघ, हे आपण घरातल्या घरात मिटवू. बाहेर गेलं तर दारूचं नाव जाईल."

"मी घरातला नाही," अंमलदार म्हणाला, "आणि मला कान आहेत." हंड्याला लावायला आणलेली साखळी आणि कुलूप त्याने कोलच्या मनगटांना लावले. पिंपे बनवायच्या खोलीत त्याला कोंडून ते दार मोठ्या बेटावरचा शिपाई येईपर्यंत उघडू नका, असे त्याने बजावले.

गिलँडर्स अजून मोगरी हातात धरून उभा होता. "मग, मालक," त्याने मॅकविकरला विचारले, "ठोकू की नको?"

टॉर्किल तोवर दारातून बाहेर पडला होता.

दलदलीतली वाट त्याने बरगडी हाताने दाबत पार केली. दोन्ही बाजूंना कापलेल्या पीटच्या काळ्या भिंती होत्या, कुदळीच्या पात्याने चकचकीत झालेल्या, आणि त्यांतून तपकिरी पाणी झिरपत होते. पलीकडच्या खाडीवर, फुटक्या गलबताच्या फळ्यांनी उभारलेल्या खोपटात, रूअरीची विधवा ऑयरिक राहत होती. घर भट्टीचे होते. चोराच्या बायकोला ते कोण ठेवू देणार? ती पाठीवर भांडी बांधून निघाली तेव्हा गावातल्या बायकांनी तिला ओल्या पीटच्या ढेकळांनी मारले होते. बेथागने फेकलेल्या ढेकळात दगड होता. त्याने ऑयरिकची भुवई फाटली. टॉर्किल त्या वेळी धुरीघराच्या दारात फावडे धरून उभा होता. तिने त्याच्याकडे एकदाच पाहिले होते. तो आत जाऊन जव परतू लागला होता.

आता ती खोपटाबाहेर बसून गळाच्या आमिषासाठी दगडाने शिंपले फोडत होती. त्याचे फुटलेले तोंड पाहूनही तिचा दगड थांबला नाही.

"वहिनी," तो म्हणाला.

"ते नातं कुठं सापडलं तुला? वाटेत?"

त्याने सांगितले. उभ्याउभ्या, धापा टाकत, कोलचे हात, नळी, अंगावर ओतलेली दारू. सांगताना त्याला वाटले, ती कोसळेल, रडेल, निदान दगड तरी तिच्या हातून पडेल. ती शिंपले फोडत राहिली. शेवटचा फुटल्यावर तिने हात पुसले.

"मला ठाऊक होतं," ती म्हणाली.

"कोलचं?"

"कोलचं नाही. रूअरीचं. मी धुतलंय त्याला, टॉर्किल. कपड्यांना वास होता, तोंडाला नव्हता. त्याच्या तोंडावर तोंड ठेवलं मी. नुसता धूर होता. पाद्र्याला सांगितलं, मॅकविकरला सांगितलं. तुलाही सांगितलं होतं, तुझ्या दारात येऊन. तू म्हणालास, 'वहिनी, आता जाऊ दे.'"

ते त्याला आठवत होते. आठवत नाही असे तो इतकी वर्षे धरून चालला होता.

ती उठली आणि तिने त्याच्या तोंडावर मारले. उघड्या तळव्याने नाही, मुठीने, शिंपल्यांच्या कपच्या अजून चिकटलेल्या मुठीने. त्याचा फाटलेला ओठ आणखी फाटला. तिने पुन्हा मारले. एक ठोसा बरगडीवर बसला तेव्हा तो गुडघ्यांवर आला आणि तिथेच राहिला. हात वर करावा असे त्याच्या मनात आले नाही. ती थांबली ती दम लागला म्हणून.

"चल, घरी चल," तो जमिनीकडे पाहत म्हणाला. "मॅकविकर आता नाही म्हणणार नाही. मी बघतो."

"घर तुझ्या मॅकविकरला घाल. मला काय सांगायला आलास? मला ठाऊक होतं ते मलाच? ज्यांना ठाऊक नव्हतं त्यांना सांग. दार ठोठावून सांग. एकेक."

"सगळं गाव गाळणीघरात होतं. त्यांनी ऐकलंय."

"पुरुषांनी ऐकलंय. ते संध्याकाळपर्यंत ठरवतील की आपण नीट ऐकलंच नाही. ढेकळं कुणी मारली होती?"

तिने शाल डोक्यावरून घेतली आणि ती पुढे चालू लागली. तो मागे. तिची पावले दलदलीच्या वाटेला सरावलेली होती. त्याला मधूनमधून थांबून थुंकावे लागत होते, आणि थुंकीत लाल होते. गावात शिरताना भट्टीच्या धुराड्यातून अजून काही निघत नव्हते. गुळगुळीत हंड्याखाली आग पेटवायची की नाही, यावर आत वाद चालला असावा. ऑयरिकने तिकडे पाहिले नाही.

पहिले दार बेथागचे होते. ऑयरिक दोन पावले मागे, अंगणाच्या दगडापाशी थांबली, आणि तिने हनुवटीने खूण केली. टॉर्किलने दार ठोठावले. आत ओट्सच्या भाकरीचा वास होता. बेथाग पिठाळ हातांनी बाहेर आली, त्याचे तोंड पाहून दचकली, मग त्याच्या खांद्यावरून मागे तिची नजर गेली आणि तिचा चेहरा दगड झाला.

"काय पाहिजे?"

"रूअरी प्यायलेला नव्हता," टॉर्किल म्हणाला. ओठामुळे शब्द नीट उमटत नव्हते. "त्यानं चोरी केली नव्हती. कोलनं मारलं त्याला. आपण सगळे खोटे पडलो, आणि मी पहिला."

बेथागने दार लोटायला घेतले. त्याने फटीत पाय घातला. दार त्याच्या घोट्यावर आदळले आणि तो कण्हला, पण पाय काढला नाही.

"ऐकलंस का, ते सांग," तो म्हणाला.

"ऐकलं."

"मला नाही. तिला सांग."

बेथागने दार थोडे उघडले आणि ऑयरिकच्या भुवईकडे, जिथे तो पांढरा व्रण होता तिकडे पाहत, "ऐकलं," असे म्हटले. ऑयरिक वळली आणि पुढच्या दारापाशी जाऊन उभी राहिली. टॉर्किलने बाहीने तोंड पुसले आणि लंगडत तिच्यामागे गेला. गल्लीत अजून बरीच दारे होती, आणि काही आतून आधीच बंद होऊ लागली होती.